लंडन ते पॅरिस: ३४४ किलोमीटर, सव्वा तास आणि बाकीचे साडेचार तास

प्रश्न असा आहे: लंडन ते पॅरिस अंतर नेमकं किती आणि विमानाला किती वेळ लागतो? एका ठिकाणी ३४४ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ३४७, तिसरीकडे ४६०, चौथीकडे ४९२. वेळेचाही तोच घोळ. वेळापत्रक पाहावं तर जाताना दोन तास वीस मिनिटं आणि येताना फक्त वीस मिनिटं. मग खरं काय?

सगळेच आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे, आणि कुठला कशाचा हे सहसा कोणी सांगत नाही.

३४४ हे दोन्ही शहरांच्या मध्यांमधलं सरळ अंतर. ते कागदावर पाच मिनिटांत काढता येतं. लंडनचा मध्य चेरिंग क्रॉसला धरतात: अक्षांश ५१.५१ उत्तर, रेखांश ०.१३ पश्चिम. पॅरिसचा नोत्र-दामच्या परिसरात: ४८.८६ उत्तर, २.३५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.६५ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर झालं २९५. रेखांशांचं गणित जरा वेगळं, कारण ध्रुवाकडे जावं तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येतात. दोन्ही शहरांच्या मधल्या अक्षांशावर, म्हणजे ५०.२ अंशांवर, कोसाइन ०.६४ येतो. तिथे रेखांशाचा एक अंश ७१.२ किलोमीटरच भरतो. फरक २.४८ अंशांचा, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर १७७. आता पायथागोरस: २९५ आणि १७७ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३४४.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे रेखांशांची वजाबाकी. लंडनचा मध्य ग्रिनिचच्या पश्चिमेला आणि पॅरिस पूर्वेला, म्हणून ०.१३ आणि २.३५ यांची बेरीज हवी. वजाबाकी केली तर उत्तर ३३४ येतं आणि दहा किलोमीटर कुठे गेले ते कळत नाही. दुसरी चूक कोसाइन विसरण्याची, मग उत्तर थेट ४०४ येतं. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. ही सपाट कागदाची पद्धत चार-पाचशे किलोमीटरपर्यंत बिनधास्त चालते. लिस्बन ते हेलसिंकी काढायला गेलात तर खरं अंतर सुमारे ३३६० असताना ती ३४३० सांगते. तिथे गोलाचं पूर्ण सूत्रच हवं.

कुठे १८६ दिसलं तर ते सागरी मैल समजा, आणि २१४ दिसलं तर साधे मैल. अंतर तेच.

पण चेरिंग क्रॉसहून विमान सुटत नाही. लंडनचं हीथ्रो विमानतळ ते पॅरिसचं शार्ल द गोल हे अंतर ३४७ किलोमीटर. गॅटविकहून तेच ३०८, कारण गॅटविक लंडनच्या दक्षिणेला, म्हणजे पॅरिसच्या वाटेवरच आहे. ल्युटन उत्तरेला पडतं, तिथून ३८०. नावाला तिन्ही लंडन, पण अंतरात ७० किलोमीटरचा फरक.

४६० हे रस्त्याचं अंतर, फोकस्टोन ते कॅले हा समुद्राखालच्या बोगद्याचा टप्पा धरून. तिथे गाडी रेल्वेच्या वाघिणीवर चढवतात आणि ती ३५ मिनिटांत पलीकडे उतरते. ४९२ हे लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन ते पॅरिसचं गार द्यु नॉर स्टेशन या रेल्वेमार्गाचं अंतर. त्यातला चॅनेल टनेल ५०.४५ किलोमीटरचा आहे आणि त्यापैकी जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्रतळाखाली. बोगद्यात गाडी ताशी १६० ने जाते, फ्रान्सच्या बाजूला बाहेर पडली की ३०० गाठते.

आता वेळ. जेट विमान वर स्थिरावलं की ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबाने ३४७ किलोमीटरला २५ मिनिटं पुरायला हवीत. प्रत्यक्षात विमान हवेत ४५ ते ५५ मिनिटं असतं आणि वेळापत्रकात सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं लिहिलेली असतात. या तिप्पट वेळेचं कारण वेगात नसून दोन्ही टोकांना आहे.

हीथ्रोच्या दोन्ही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम आहेत. तिकडे वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा, आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं. म्हणजे पॅरिस आग्नेयेला असताना तुमचं विमान आधी पश्चिमेला झेपावतं, मग वळून दक्षिणेचा किनारा गाठतं, खाडी ओलांडून नॉर्मंडीवर येतं. पॅरिसला पुन्हा तोच प्रकार. शार्ल द गोलच्या चारही धावपट्ट्या पूर्व-पश्चिम. वारा पश्चिमेचा असला की उतरतानाही तोंड पश्चिमेलाच हवं, म्हणून वायव्येकडून आलेलं विमान विमानतळाला वळसा घालून पूर्वेला जातं आणि मागे फिरून उतरतं. खिडकीतून धावपट्टी दिसली आणि तरी विमान पुढेच निघालं, तर बिघाड वगैरे काही नाही, हे तेच वळण आहे. अशा वळणांनी ३४७ चे सहज चारशेच्या वर होतात. त्यात १०,००० फुटांखाली वेगाला साधारण २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरची मर्यादा असते. एवढ्या छोट्या उड्डाणात विमान चढतं, जेमतेम स्थिरावतं आणि उतरायला लागतं. पूर्ण वेग फार थोडी मिनिटं मिळतो.

शिवाय वेळापत्रकातला काळ हवेतला नसतो. गेटपासून ढकललं तेव्हापासून पलीकडे गेटला लागेपर्यंतचा तो हिशेब, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हीथ्रोवर धावपट्टीपर्यंत रांगेतून जायला १५-२० मिनिटं, शार्ल द गोलवर उतरल्यावर गेटपर्यंत १०-१५ मिनिटं, ही सगळी त्यात धरलेली.

आपल्याकडच्या उड्डाणांशी ताडून पाहिलं तर हे पटतं. मुंबई ते मोपा सरळ अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास, वेळ साधारण तेवढाच, सव्वा तास. मुंबई ते नागपूर ६८० किलोमीटर, जवळजवळ दुप्पट, पण वेळ दुप्पट होत नाही, दीड तासाच्या आगेमागेच राहतो. म्हणून कुठल्याही दोन शहरांसाठी अंदाज हवा असेल तर सरळ अंतराला ८०० ने भागा, तेवढे तास झाले, आणि त्यात ४५ मिनिटं मिळवा. दोन्ही विमानतळ हीथ्रो-शार्ल द गोलसारखे गजबजलेले असतील तर ५५ मिळवा. लांबच्या पूर्व-पश्चिम प्रवासात वारा या हिशेबात ढवळाढवळ करतो: युरोपात पूर्वेकडे जाताना वेळ वाचतो, पश्चिमेकडे येताना लागतो. लंडन-पॅरिसला मात्र हा फरक काही मिनिटांचाच.

गंमत अशी की याच मार्गावर २५ ऑगस्ट १९१९ ला लंडनच्या हाउन्स्लो हीथहून पॅरिसच्या ल बूर्जेला रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. पहिल्या फेरीत एक प्रवासी होता, बाकी वर्तमानपत्रं, चामडं, साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ लागला सुमारे अडीच तास. घरापासून घरापर्यंत धरलं तर आजचा प्रवासी त्याहून मागेच आहे, त्याचा हिशेब पुढे येतोच.

दोन तास वीस आणि फक्त वीस मिनिटांचं कोडं सोपं आहे. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं, बाराही महिने. दोन्हीकडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे फरक कधीच मोडत नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची, पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची. लंडनहून दहाला निघालेलं विमान पॅरिसच्या घड्याळात १२.२० ला पोचतं. पॅरिसहून एकला निघालेलं लंडनला १.२० ला. दोन्हीकडे प्रवास एक तास वीस मिनिटांचाच. भारताशी फरक मात्र ऋतूप्रमाणे बदलतो: लंडनशी हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार, पॅरिसशी अनुक्रमे साडेचार आणि साडेतीन. फसगत होते ती अशी: लंडनच्या वेळेवर राहिलेलं मनगटी घड्याळ घालून पॅरिसहून परतीला निघायचं. घड्याळात नऊ, गार द्यु नॉरवर दहा, आणि गाडीचं दार बंद. फोन वेळ आपोआप बदलतो, पण एअरप्लेन मोडवर असेल तर तो लंडनच्याच वेळेला चिकटून राहतो.

उशीर कुठून येतो, हेही माहीत असावं. युरोपचं आकाश गच्च झालं की ब्रसेल्समधला युरोकंट्रोलचा, म्हणजे युरोपच्या हवाई वाहतुकीची सांगड घालणाऱ्या संस्थेचा विभाग प्रत्येक विमानाला उड्डाणाची नेमकी वेळ नेमून देतो. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत उडायचं. एवढी खिडकी चुकली की नवी वेळ मागायची. म्हणूनच दारं बंद झाल्यावरही विमान अर्धा तास जागेवर उभं राहतं. कोणी एक प्रवासी उशिरा आला आणि त्याचं सामान उतरवावं लागलं, की खिडकी हुकायला तेवढं पुरतं. परतीला हीथ्रोजवळ विमानं घिरट्या घालतात. बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार ठरलेल्या जागा आहेत. विमानं एकमेकांच्या वर हजार-हजार फुटांच्या थरांत फिरतात, एक फेरी सुमारे चार मिनिटांची. खालचं उतरलं की वरचं एक थर खाली येतं. छोट्या मार्गावर एकच विमान दिवसभर ये-जा करतं, त्यामुळे सकाळचा वीस मिनिटांचा उशीर संध्याकाळपर्यंत तासावर जाऊ शकतो. पुढचं विमान पकडायचं असेल तर दिवसातली पहिली फेरी घ्या. आणि फ्रान्सच्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप असेल त्या दिवशी कुठल्याच वेळापत्रकावर विसंबू नका.

आता घरापासून घरापर्यंत. मुक्काम लंडनच्या रसेल स्क्वेअरजवळ आणि जायचं पॅरिसच्या सँ-मिशेलला, असं धरू. लंडनच्या वेळेने नऊला निघालात, पिकाडिली लाइनने सरळ हीथ्रोला दहा. विमान बाराचं, सामान देणं, तपासणी, गेटपर्यंतची पायपीट यांना दोन तास हवेतच, कारण चेक-इनचं सामान घेणं उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटं आधी बंद होतं. १.२० ला पॅरिसच्या गेटवर. पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यात पाऊण तास. मग आरईआर बी ही शहरात जाणारी लोकल, थांबण्यासकट ४५ मिनिटं. लंडनच्या घड्याळात तीनला दहा कमी. एकूण पाच तास पन्नास मिनिटं, त्यातलं विमानातलं बसणं एक तास वीस.

तोच प्रवास रेल्वेने. दहाला निघालात, सेंट पँक्रासला चालत पंधरा मिनिटं. गाडी साडेअकराची, सव्वा तास आधी पोचणं शहाणपणाचं, कारण दारं तीस मिनिटं आधी बंद होतात. प्रवास दोन तास वीस मिनिटांचा, सगळ्यात जलद गाडी दोन तास सोळा मिनिटांत पोचते. पॅरिसला उतरल्यावर पासपोर्टची रांग नाही, कारण फ्रेंच पोलिसांनी तपासणी लंडनच्या स्टेशनातच केलेली असते. गार द्यु नॉरहून सँ-मिशेल आरईआर बी ने दोन थांब्यांवर. सगळं धरून सव्वाचार तासांच्या आत.

तरी रेल्वे प्रत्येकासाठी नाही. मुक्काम हाउन्स्लो किंवा साउथॉलकडे असेल तर हीथ्रो हाकेच्या अंतरावर आहे. शार्ल द गोलहून पुढचं विमान एकाच तिकिटावर असेल तर शहरात जाऊन परत येण्यात अर्थ नाही. आणि रेल्वेचं तिकीट आयत्या वेळी काढलं तर विमानाच्या दुपटीवर जाऊ शकतं. सामान जास्त असेल तर मात्र रेल्वेच बरी: साध्या वर्गातही ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक छोटी पिशवी, वजनाचं बंधन नाही. स्वस्त विमान कंपन्यांत फुकट नेता येते ती एक छोटी पिशवी, ४५ × ३६ × २० सेंटिमीटरसारखी. त्याहून फुगली तर गेटवर पैसे.

तिकीट काढताना शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचं नाव वाचा. लंडनच्या नावाने सहा विमानतळ विकले जातात: हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी आणि साउथेंड. पॅरिसला शार्ल द गोल आणि ऑर्ली ठीक आहेत. ऑर्लीला तर जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाइन थेट जाते. पण युरोपातल्या इतर शहरांहून पॅरिसचं स्वस्त तिकीट दिसलं आणि कंसात बोव्हे लिहिलेलं असलं, तर ते पॅरिसपासून ८० किलोमीटरवर आहे, बसला सव्वा तास. तिकिटात वाचलेले पैसे तिथेच जातात. शार्ल द गोलहून शहरात येताना विमानतळाचं वेगळं तिकीट लागतं. मेट्रोचं साधं तिकीट घेऊन बसलात तर बाहेर पडताना दंड. टॅक्सीचं भाडं नदीच्या उजव्या आणि डाव्या काठासाठी ठरवून दिलेलं आहे. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ विचारणाऱ्यांकडे लक्ष न देता पाटी लावलेल्या रांगेत उभं राहा.

भारतीय पासपोर्ट असेल तर या ३४४ किलोमीटरमधली सगळ्यात मोठी अडचण अंतराची नाहीच, व्हिसाची आहे. फ्रान्स शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे; ब्रिटन त्यात कधीच नव्हतं. दोन्हींसाठी दोन वेगळे व्हिसे. आणि चुकतं ते इथे: मुंबई ते पॅरिस, तिथून तीन दिवस लंडन, परत पॅरिस आणि मुंबई, असा बेत असताना एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा मिळालेला असतो. लंडनला निघताना तो संपतो, मुदत शिल्लक असली तरी. मग लंडनहून पॅरिसच्या विमानात बसूच देत नाहीत. अर्जातच दोनदा किंवा अनेकदा प्रवेश मागा आणि प्रवासाचा क्रम जोडा, नाहीतर लंडन आधी किंवा शेवटी ठेवा. व्हिसा हाती आल्यावर त्यावरचा प्रवेशांचा आकडा वाचल्याशिवाय तिकिटं पक्की करू नका. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणं टप्प्याटप्प्याने सुरू केलं आहे. पहिल्या वेळी नोंदणीला जास्त वेळ जातो, तेवढी मोकळीक हातात ठेवा.

डब्याचंही सांगून ठेवतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि एप्रिल २०२५ पासून उलट दिशेलाही बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीरची भाजी, तुपाची बरणी लंडनहून पॅरिसला न्यायची नाही. चिवडा, खाकरा, तेलातला ठेचा चालतो; मात्र विमानात हातातल्या पिशवीत ठेच्याची बरणी द्रवात मोजली जाते, आणि ज्या विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा आहे तिथे ती तेवढ्याच्या आत हवी. रेल्वेत ही अट नाही.

विमान उशिरा पोचलं तर काय? हे अंतर १५०० किलोमीटरच्या आत येतं. सध्याच्या नियमांप्रमाणे तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि दोष कंपनीच्या बाजूचा असला, तर पॅरिसहून निघालेल्या उड्डाणाला २५० युरो आणि लंडनहून निघालेल्याला २२० पौंड भरपाई मिळते. वादळ किंवा नियंत्रकांचा संप असेल तर पैसे नाहीत, पण खाणं आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोय कंपनीलाच करावी लागते. उशीर मोजतात तो विमानाचं चाक टेकलं त्या क्षणापर्यंत नव्हे, उतारूंसाठी दार उघडलं त्या क्षणापर्यंत. दोन तास पंचावन्न मिनिटांवर विमान टेकलं आणि गेट मिळायला दहा मिनिटं गेली तर हक्क तुमचा. तेव्हा दार उघडताना घड्याळाकडे बघून वेळ टिपून घ्या आणि बोर्डिंग पास टाकून देऊ नका.